सात नंबरचा भात

अक्काने नोकरी सोडली ती एका कात्रीपायी. पगारावरून नाही, रजेवरून नाही, कुणी वेडंवाकडं बोललं म्हणूनही नाही. पंखे बनवणाऱ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. शेगडीपाशी उभं राहून राहून पायांच्या शिरा वर आल्या होत्या, आणि तीनशे माणसांचा भात एका दमात, मोकळा, न करपवता उतरवणं तिला झोपेतही जमलं असतं. मग कँटीनचं कंत्राट बदललं. नवा कंत्राटदार पहिल्या दिवशी सगळ्यांशी साखरेत घोळून बोलला आणि दुसऱ्या आठवड्यात पाकिटं घेऊन आला. शिजलेला भात, शिजलेला रस्सा, सगळं थंडगार आणि प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेलं. अक्काच्या हातात त्याने एक नवीकोरी कात्री दिली. पाकीट कापायचं, गरम करायचं, ताटात ओतायचं.

"आणि शिजवायचं कधी?" अक्काने विचारलं.

"ती कटकटच मिटली, अक्का. तुमचे कष्ट वाचले."

अक्काने दिवसभर मुकाट्याने पाकिटं कापली. संध्याकाळी तिने त्यातला रस्सा बोटाने चाखून पाहिला आणि कंत्राटदाराला विचारलं, "यात मीठ कुणी घातलंय?"

"मशीन घालतं."

"मग वाढायलाही मशीनच आणा," असं म्हणून तिने कात्री टेबलावर ठेवली, अ‍ॅप्रन खुंटीला लावला आणि चालती झाली. दारातून बाहेर पडल्यावर तिला आठवलं की आपला डबा आतच राहिला. पण परत जाणाऱ्यांतली ती नव्हेच. डबा गेला तर गेला.

घरी दाजी होते. दाजी म्हणजे अक्काचा नवरा. धाकटा मेहुणा त्यांना दाजी म्हणतो म्हणून सगळी आळीच दाजी म्हणायची. जन्मभर त्यांनी बस चालवली, तीही एकच, सात नंबरची. गुडघे कुरकुरायला लागले आणि त्याच सुमाराला बस कंपनीने सात नंबरच्या अर्ध्याहून जास्त फेऱ्या रद्द केल्या. तेव्हा दाजी घरी बसले. बसले म्हणजे अंगाने बसले. मन अजून ड्रायव्हरच्या सीटवर होतं. गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि मधूनच जाहीर करत, "आता वखारीच्या थांब्यावर असायला हवी." घरातल्या कुणालाही त्याचा काही उपयोग नव्हता, पण वेळ अचूक असायची.

"सोडली," अक्का म्हणाली.

"काय?"

"नोकरी."

दाजींनी घड्याळावरून नजर काढली नाही. "वेळेच्या आधीच आलीस म्हणून मला वाटलंच," ते म्हणाले.

आता खरी गंमत पुढे आहे. पोटापाण्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारायच्या आतच अक्काने उत्तर ठरवून टाकलं होतं. गाडी घ्यायची. खिडकीवाली गाडी, आत शेगडी, बाहेर गिऱ्हाईक. आपला भात आपण शिजवायचा, आपण विकायचा, आणि मीठ किती घालायचं हे कुणाच्या बापाला विचारायचं नाही.

भाऊ ऐकूनच उभा राहिला. अक्काचा हा धाकटा भाऊ एका विमा कंपनीत होता. जगात काय काय बिघडू शकतं याचा हिशोब करणं हेच त्याचं काम, आणि तो ते घरीही फुकटात करायचा. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. जुना टेम्पो. त्याच्या पत्र्याला खिडकी कापायची, वेल्डर नाडणार. आत स्टीलचा ओटा. धूर ओढणारा पंखा. सिलेंडर, त्याची नळी, आग विझवायचं लाल नळकांडं, ते नसेल तर पास होणार नाही. चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, खरकट्याची वेगळी. आरोग्य खात्याचा दाखला, चौकात उभं राहायचा परवाना, गाडीचा विमा, गाडीतल्या माणसांचा विमा. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तो म्हणाला, "हा झाला नुसता सुरुवातीचा खर्च. रोजचं डिझेल, गॅस, तांदूळ, कागदी ताटल्या वेगळ्या. आणि अक्का, सहा महिने एक पैसा सुटणार नाही असं धरून तेवढे बाजूला ठेवावे लागतात. ते आहेत?"

"नाहीत."

"मग?"

"मग सहा महिने थांबणार नाही. पहिल्या दिवसापासून विकेन."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

"जन्मभर आखडून झोपले. आता पसरले तर काय बिघडलं?"

भावाचं काहीच चुकत नव्हतं. त्याच्याशी जमवून घेणं अवघड जायचं ते त्यामुळेच. अक्काला फंडाचे पैसे मिळाले, त्यात टेम्पो आला. एका बेकरीने पाव पोचवायला वापरून वापरून टाकून दिलेला तो टेम्पो होता. आत अजून भाजलेल्या पिठाचा वास होता आणि इंजिन सुरू होताना दम्याच्या पेशंटसारखं खोकायचं. खिडकी कापण्यात आणि ओटा बसवण्यात बाकीचे पैसे गेले. परवान्याची फी भावाने भरली, पण भरताना "हे मी बुडीत खात्यात धरतोय" असं सांगूनच भरली.

गाडी चालवणार कोण, हे मात्र अक्काने कुणालाच विचारलं नव्हतं.

"मला आधी विचारायचं होतंस," दाजी म्हणाले.

"नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो."

"मग कशाला विचारायचं?"

दाजींनी अटी घातल्या. आपण फक्त गाडी चालवू. भांड्याला हात लावणार नाही, गिऱ्हाइकाला हाका मारणार नाही, आणि तो टेम्पो आपला आहे असं चारचौघांत म्हणणार नाही. ती 'तुझी गाडी' असेल. अक्काने तिन्ही अटी मान्य केल्या. जो माणूस दिवसभर भिंतीवरच्या घड्याळाला बस चालवून दाखवतो, तो खरं स्टिअरिंग हातात आल्यावर किती दिवस असा फुगून बसेल, असा तिचा अंदाज होता. अंदाज चुकला. दाजी बरेच दिवस फुगून बसले.

पहिल्या दिवशी मोठ्या बाजाराच्या चौकात गाडी लागली. भात, मसुराचा घट्ट रस्सा, वर उकडलेलं अंडं, एवढाच बेत. जवळ आणखी चार गाड्या होत्या, रंगीत दिव्यांच्या, गाणी लावलेल्या. अक्काच्या गाडीवर अजून बेकरीचं अर्धवट खरवडलेलं नाव होतं. तरी वीसेक माणसं आली, खाल्लं, चांगलं म्हणाली. पण पातेल्यात भात होता तीनशे माणसांचा.

इथेच घोडं पेंड खात होतं. अक्काला कमी शिजवताच येत नव्हतं. तिने ते कधी केलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत घरी चूल पेटली ती दाजींच्या चहापुरती. दोघांचं जेवण कँटीनमधून डब्यात यायचं. तिचा हातच तीनशेचा होता. मीठ मुठीने, तिखट वाटीने, तांदूळ पोत्याच्या तोंडाने. भावाच्या सांगण्यावरून तिने एक दिवस लहान पातेलं घेतलं. पहिल्या खेपेला भात खारट झाला, दुसऱ्या खेपेला अळणी, तिसऱ्या खेपेला खाली लागला. लहान पातेल्यापुढे ती पार बावरून गेली. नव्या सुनेनेसुद्धा इतका घोळ घातला नसता. शेवटी तिने ते पातेलं धुऊन शेजारणीला देऊन टाकलं आणि जाहीर केलं, "मी शिजवीन तर तीनशेचंच. खाणारे कमी आहेत, हा माझा दोष नाही."

उरलेला भात टाकणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग तो आळीत वाटला जायचा. पहिल्या आठवड्यात आळीने भरभरून आशीर्वाद दिले. दुसऱ्या आठवड्यात लोक संध्याकाळी पातेल्या घेऊन दारात उभे राहायला लागले, आणि एकाने "आज अंडी नाहीत का?" असंही विचारलं. पदरमोड करून लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचाच तो प्रकार होता.

त्यात दाजींची वेगळीच तऱ्हा. दुपारी दोन वाजता चौक सोडायचा असं पहिल्या दिवशी ठरलं होतं. आता ठरलं म्हणजे माणसाने मागेपुढे बघावं की नाही? दाजींचा काटा दोनवर आला की गाडी सुरू. गिऱ्हाईक ताटली पुढे करून उभं आहे, अक्काचा डाव हवेत आहे, आणि गाडी हलली! एकदा तर एक गृहस्थ सुट्टे पैसे परत घ्यायला गाडीमागे पार सिग्नलपर्यंत पळत आले. अक्काने घरी आकाशपाताळ एक केलं. दाजी म्हणाले, "एकासाठी थांबलं की पुढच्या थांब्यावरचे शंभर खोळंबतात."

"पुढचा थांबा कुठाय? आपण घरी जातो!"

"सवय ती सवय," दाजी म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

महिना सरत आला तेव्हा गॅसवाल्याने सांगितलं की यापुढे रोख. तांदूळवाल्याने तेच जरा गोड शब्दांत सांगितलं. आणि नेमका त्याच दिवशी कंत्राटदार चौकात उगवला. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरला बुटाने ठोकून बघितलं, आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "अक्का, हट्ट पुरे झाला. ही गाडी मी घेतो. आत माझी पाकिटं ठेवू. तुम्ही फक्त खिडकीत उभ्या राहा. लोक तुमचं तोंड बघून येतील. महिन्याच्या महिन्याला पगार, डिझेलची चिंता नाही, नुकसानीची चिंता नाही. शुक्रवारपर्यंत सांगा."

अक्काच्या जिभेवर उत्तर होतं, पण या वेळी ते बाहेर पडेना. बाहेर पडलं असतं तर उद्याचा तांदूळ कशाने आणायचा हे तिला माहीत नव्हतं. कंत्राटदार गेला आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा रस्सा उतू जाऊ दिला.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भाऊ सकाळी येऊन म्हणाला, "अक्का, वाईट वाटून घेऊ नकोस, पण सौदा बरा आहे. गाडीचे पैसे तरी वसूल होतील." तो खरोखर तिच्या काळजीनेच बोलत होता, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. त्याच्या खिडकीत उभं राहायचं, आपलं तोंड दाखवायचं आणि त्याची पाकिटं विकायची! यापेक्षा दारोदार धुणी धुतलेली बरी, असं तिला वाटलं. पण धुण्याने उधारी फिटत नाही, हेही तिला कळत होतं.

त्या दिवशी चौकात दोनला पाच मिनिटं कमी होती आणि पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. अक्काने पुढच्या जाळीतून दाजींना बजावलं, "आज गाडी हलवायची नाही. तीन वाजू देत, चार वाजू देत. संपेपर्यंत इथेच."

दोन वाजले. इंजिन खोकलं.

"अहो, बंद करा!"

"वेळ झाली."

"कसली वेळ? तुमची बस गेली, तुमची वेळ गेली, तुम्हाला कुणी विचारत नाही रस्त्यावर! एवढं वेळेचं कौतुक असेल तर जा ना तुमच्या सात नंबरवर!"

बोलून गेल्यावर अक्काला वाटलं, हे जरा जास्तच झालं. घराकडे जायला उजवीकडे वळायचं असतं. दाजींनी गाडी डावीकडे घातली.

अक्का आत एकटी. खिडकी उघडी, शेगडी चालू. तिने आधी शेगडी बंद केली आणि दोन्ही हातांनी पातेल्याला मिठी मारून उभी राहिली. मग जाळीतून ओरडली, रागावली, एकदा विनवणीही केली. दाजी समोर बघून चालवत होते. रागाच्या भरात माणूस काय करील याचा नेम नाही म्हणतात, पण दाजींनी रागाच्या भरात जे केलं ते फक्त दाजीच करू शकत होते. ते सात नंबरच्या रस्त्याला लागले आणि सात नंबरच्या पहिल्या थांब्यावर थांबले. तिथे थांबावं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. पाय ब्रेकवर गेला, एवढंच.

तो थांबा सरकारी दवाखान्याचा. बस दीड तासाने एक, त्यामुळे माणसांची ही गर्दी. पेशंटचे नातेवाईक, दोन नर्सबाई, एक म्हातारा औषधांची पिशवी छातीशी धरून. गाडी समोर येऊन थांबली तशी माणसं सवयीने पुढे सरकली, आणि दाराऐवजी खिडकी दिसली, खिडकीतून रस्सा घमघमत आला.

"हे काय आहे?" एक नर्स म्हणाली.

"भात," अक्का पातेल्याची मिठी न सोडता म्हणाली.

"गरम आहे?"

आता बघा, सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला भूक लागलेली असते, पण पेशंटला सोडून हॉटेलात कसं जायचं म्हणून तो जात नाही. ती भूक तिथे उभीच होती. अक्काचे हात पातेल्यावरून सुटले आणि डावाकडे गेले. ताटल्यामागून ताटल्या बाहेर जायला लागल्या. म्हाताऱ्याने औषधांची पिशवी दुसऱ्याकडे दिली आणि तिथेच उभ्याउभ्या जेवला. मग दाजींनी हॉर्न दिला, एकदाच, आणि गाडी निघाली. ते समोरच बघत होते.

पुढचा थांबा कचेऱ्यांचा. तिथेही तेच. तिसऱ्या थांब्याच्या आधी अक्काने जाळीशी तोंड नेलं. आवाजात राग ठेवायचा तिचा प्रयत्न होता.

"आता कुठला?"

"लाकडाची वखार," दाजी म्हणाले.

"माणसं किती असतात?"

"या वेळेला वीसेक. सुतार, हमाल. पोटभर खाणारी. अंडी दोन-दोन लागतील."

अक्काने दोन-दोन अंडी सोलून ठेवली. ती बरोबर पुरली. शाळेच्या थांब्यावर दाजी म्हणाले, "बाया असतात, घाईत असतात, बांधून मागतील." बांधूनच मागितलं. त्या रस्त्यावर कोणत्या वेळेला कोण उभं असतं, कुठून आलेलं असतं, दमलेलं असतं की चिडलेलं, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं. तो गॅलरीत बसून घड्याळाला सांगत होता, आणि आपण त्याला वेडा ठरवत होतो, असं अक्काला वाटलं आणि तिला लाज वाटली.

सात नंबरचा शेवटचा थांबा म्हणजे पंख्यांच्या कारखान्याचं फाटक. वाढायच्या गडबडीत अक्काच्या हे लक्षातच आलं नव्हतं. गाडी थांबली तेव्हा नेमकी पाळी सुटत होती. निळ्या कपड्यांतली तीच माणसं बाहेर आली जी इतकी वर्षं तिच्यासमोर ताट घेऊन उभी राहिली होती. एकाने खिडकीत पाहिलं आणि मागे वळून ओरडला, "अरे, अक्का आलीये!" मग काही बोलायचं काम राहिलं नाही. डाव पातेल्याच्या तळाला लागून खडखडायला लागला. ज्यांना मिळालं नाही ते भांडले.

गर्दी ओसरल्यावर दाजी गुडघ्यावर हात टेकत खाली उतरले आणि गाडीला वळसा घालून खिडकीशी आले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिथे आले होते.

"उरलाय का काही?"

"तुमच्यापुरता काढून ठेवलाय," अक्का म्हणाली. "मघाशी मी बोलले ते..."

"मीठ जरा कमी आहे," दाजी म्हणाले आणि सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी चौकात गेलीच नाही. दाजींनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत वेळा लिहिल्या: दवाखान्याला अमुक, वखारीला अमुक, फाटकाला अमुक. पुठ्ठा काचेला लावला आणि तो पाळला. पुठ्ठा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी वखारीतले सुतार काम टाकून आधीच येऊन उभे होते. तिसऱ्या दिवशी बस कंपनीचा तपासनीस आडवा आला. थांबा बसचा आहे, इथे धंदा करायचा नाही, म्हणाला. दाजींनी त्याला ओळखलं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. "थांबा तुझा, रस्ता सगळ्यांचा," असं म्हणून ते दहा पावलं पुढे जाऊन थांबले. लोकही दहा पावलं पुढे चालत आले.

म्हणून काही सोन्याचा धूर निघायला लागला नाही. डिझेल दुप्पट लागायचं. इंजिनाचा खोकला वाढला होता. कुणी पैसे द्यायचं विसरून जायचं, आणि त्याला हाक मारेपर्यंत दाजींनी गाडी सोडलेली असायची. भावाने बोटांवर मोजून सांगितलं की हातात पडतंय ते मीठमिरचीपुरतं. पण भात टाकावा लागत नव्हता आणि आळीतल्या पातेल्या रिकाम्या परत जात होत्या. आळी नाराज झाली.

शुक्रवार उजाडला. कंत्राटदार चौकात शोधून आला असावा. फाटकावर येईपर्यंत त्याचा घाम निघाला होता. भाऊही तिथे होता, गाडीचा सौदा झालाच तर कागद वाचायला म्हणून अक्काने त्याला बोलावलं होतं. तिचा स्वतःवर एवढाही भरवसा नव्हता. तांदूळ उद्याच्या दिवसापुरता होता आणि गॅसचे पैसे द्यायचे होते.

अक्काने आधी त्याच्यापुढे ताटली ठेवली. आलेल्या माणसाला उपाशी ठेवून नाही म्हणायचं नाही, एवढी रीत तिच्यापाशी होती. कंत्राटदार उभ्यानेच जेवला.

"कँटीनमध्ये असं होत नाही," तो म्हणाला.

"होत होतं," अक्का म्हणाली.

त्याने ताटली खाली ठेवली. "बरं, मुद्द्याचं बोलू. गाडी देताय?"

"नाही."

"पगार वाढवतो."

"नाही म्हटलं ना. तुमची पाकिटं माझ्या खिडकीतून जाणार नाहीत. माझं तोंड विकायला काढलेलं नाही मी."

कंत्राटदाराचा गोडवा उतरला. "तुमचा परवाना चौकाचा आहे, अक्का. या फाटकावर उभं राहायचा नाही. मी एक तक्रार केली तर सोमवारी गाडी उचलतील."

अक्का काही बोलणार तोच भाऊ पुढे झाला. चष्मा नाकावर चढवून तो अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "करा तक्रार. पहिल्यांदा दंड होतो, गाडी उचलत नाहीत. मी चौकशी केलीय. महिन्यातून एकदा दंड भरला तरी तो चौकाच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतो. फिरत्या परवान्याचा अर्जही कालच टाकलाय. तेवढेही पैसे मी बुडीत खात्यात धरलेत, म्हणजे मला आता कसलीच भीती नाही."

रांगेत कुणीतरी हसलं. कंत्राटदाराने दाजींकडे वळून शेवटचा प्रयत्न केला. "दाजी, तुम्ही तरी समजवा त्यांना. हे डबडं आणखी किती दिवस चालेल?"

दाजी काच पुसत होते. "आमची गाडी आहे," ते म्हणाले. "चालेल तितके दिवस चालवू. बंद पडली तर ढकलू."

कंत्राटदार निघून गेला. सोमवारी तक्रार करीन असं जाताना दोनदा सांगून गेला, आणि तो करणार हे सगळ्यांना दिसत होतं. रांग संपली, भाऊ ऑफिसला परत गेला. अक्का रिकामं पातेलं घासायला बसली तेव्हा तिचे हात थरथरत होते. चोथा हातातून दोनदा पडला. एवढ्या मोठ्या तोंडाने नाही म्हटलं खरं, पण उद्याच्या पुढचं काहीच तिला दिसत नव्हतं. तिने दाजींकडे पाहिलं.

"मला भीती वाटतेय हो," ती म्हणाली. हे वाक्य तिने नवऱ्यासमोर आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

दाजींनी तिच्या हातातून चोथा घेतला आणि खाली बसून पातेलं घासायला लागले. गुडघे दुखत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मला रोज वाटायची," ते म्हणाले. "इतकी वर्षं रोज. मागे एवढी माणसं बसलेली, सगळी आपल्या भरवशावर. डेपोतून निघताना हात असेच व्हायचे."

"मग?"

"मग काही नाही. पहिल्या थांब्यापर्यंत वाटायची. तिथे माणसं उभी दिसली की जायची."

अक्काने उठून तांदळाचं पोतं उघडलं आणि उद्याचे तांदूळ काढायला घेतले, मोठ्या हाताने, तीनशेचे.